श्वास कुठे घ्यायचा?

पत्राचा आशय असा: सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने लिहिले आहे. वय ३१, सहकारी बँकेत नोकरी, घरी पती, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. लहानपणी गाणे शिकून त्यांनी मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. घरात पेटी होती. गेली सहा वर्षे, घर झोपल्यावर, त्या लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन बसतात आणि वाद्यवृंदासाठी व सिंथसाठी (म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारे वाद्य) रचना करतात. हे सारे त्या कोणाकडे न जाता, चुकत-माकत शिकल्या. संगणकात ४७ रचना आहेत. पूर्ण झालेल्या पाच. त्यांतली सर्वांत मोठी 'पाऊस' ही मियाँ मल्हारावर आधारलेली, नऊ मिनिटांची, २८ ट्रॅकची (ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याचे सुटे मुद्रण) रचना. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील एका परिचिताने ती ऐकून 'गढूळ वाटते आहे' एवढेच सांगितले, बाकी सर्वांनी 'छान' म्हटले, आणि दोन्हींतून पुढे काय करायचे ते त्यांना उमगले नाही. सिंथवरच्या रचनांविषयी त्यांची स्वतःचीच तक्रार आहे, की आठ बारचे (बार म्हणजे तालाचा एक लहान खंड) काहीतरी जमते आणि मग तेच फिरत राहते. बिनपगारी रजा घेऊन, ठेव मोडून काही लाखांचा अभ्यासक्रम करावा का, की हप्त्याने महागडी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित सुरांचा संग्रह) घ्यावी, की वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक यांतले एक सोडून द्यावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटी त्या विचारतात, की पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने वाद्यवृंदासाठी लिहिणे हा मुळात उद्धटपणा तर नाही ना?

सप्रेम नमस्कार.

'पाऊस' मी तीनदा ऐकला. एकदा हेडफोनवर, एकदा घरातल्या साध्या स्पीकरवर, आणि तिसऱ्यांदा तुम्ही पाठवलेली फाइल उघडून एकेक ट्रॅक सुटा करून. तिसरे ऐकणे सर्वांत आनंदाचे होते, कारण कितीतरी देखणे तुकडे तेव्हा प्रथमच कानांवर पडले. दुसऱ्या मिनिटाला व्हायोलांना (व्हायोलिनहून जरा मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्यांना) दिलेली ती ओळ, दोन्ही निषादांना वळसा घालून सावकाश पंचमावर उतरणारी, मला आधीच्या दोन्ही वेळी ऐकूच आली नव्हती. ती ओळ मनापासून सुचलेली आहे आणि ती तुमच्याच इतर ओळींखाली गाडली गेली आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या मते या एका ओळीपाशी आहेत, पण तिथे जाण्याआधी उद्धटपणाचा प्रश्न घेते, कारण तो मनात असेतोवर बाकी काही नीट ऐकू येणार नाही.

निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह हा रशियन संगीतकार नौदलात अधिकारी होता. १८७१ साली, वयाच्या २७व्या वर्षी, सेंट पीटर्सबर्गच्या संगीत महाविद्यालयाने त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले, तेव्हा हार्मनी (स्वरमेळ) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या ओळींची गुंफण) यांचे पद्धतशीर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते, हे त्याने स्वतःच आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. नेमणूक झाल्यावर तो विद्यार्थ्यांसारखा अभ्यासाला बसला. १८७३ मध्ये नौदलाच्या बँडपथकांचा निरीक्षक झाल्यावर त्याने फुंकवाद्ये स्वतः हातात घेऊन त्यांच्या सोयी-गैरसोयी समजून घेतल्या. वाद्यवृंदलेखनावरचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९१३ साली, छापले गेले आणि ते आजही अभ्यासले जाते. इंग्लंडचा एडवर्ड एल्गार तर कोणत्याच संगीत महाविद्यालयात गेला नाही. वॉर्सेस्टरजवळ पॉविक येथील मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांचा एक लहानसा बँड होता. १८७९ पासून पाच वर्षे एल्गार त्या बँडचा प्रमुख होता आणि तिथे जी वाद्ये हाताशी असत, त्यांच्यासाठीच तो नाचाचे तुकडे लिहीत असे.

म्हणजे स्वतः शिकणे ही या क्षेत्रात जुनी आणि मानाची वाट आहे. पण या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट पाहा. एकाच्या हाताशी बँडपथके होती, दुसऱ्यासमोर दर आठवड्याला वादक बसत होते. लिहिलेले चुकले, तर समोरचा माणूस वाजवता वाजवता थांबत असे. तुमच्या सहा वर्षांत हे एकदाही घडलेले नाही. संगणक कधी थांबत नाही; तुम्ही बासरीला वीस बार सलग वाजवायला सांगा, तो वाजवतो. शिक्षण नसल्याची खंत तुम्ही पत्रभर व्यक्त केली आहे. मला मात्र तुमच्या रचनांना हरकत घेणारे कोणी नाही, ही अडचण त्याहून मोठी वाटते.

मला हे कसे कळले, ते सांगते. बालनाट्यांसाठी पार्श्वसंगीत करत असताना मी एकदा क्लॅरिनेटसाठी एक लांब, वळणावळणाची चाल लिहिली. संगणकावर ती अतिशय सुरेख वाजत होती. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षे वाजवलेले एक ज्येष्ठ वादक आमच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिलाच सूर वेगळा आला. मी पांढरी एक लिहिली होती, वाजली काळी पाच, कारण नेहमीच्या क्लॅरिनेटवर लिहिलेला सूर एक पूर्ण सूर खाली वाजतो आणि लिहिणाऱ्याने तो तेवढा वर चढवून लिहायचा असतो. ते त्यांनी मनातल्या मनात सावरून घेतले आणि पुन्हा सुरू केले. अकराव्या बारला वाद्य ओठांपासून दूर करून त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, श्वास कुठे घ्यायचा?" कागदावर तशी जागाच नव्हती. तिथेच पेन्सिलीने मी तीन सूर खोडले. चाल पुन्हा वाजली तेव्हा ती नुसती वाजवण्याजोगी झाली नव्हती, ती अधिक चांगली झाली होती. त्या मोकळ्या जागांमुळे वाक्ये कुठे संपतात ते ऐकणाऱ्याला कळू लागले होते. त्या अर्ध्या तासाइतके मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही.

आता 'गढूळ' या शब्दाकडे येऊ. तुमच्या परिचिताचे निदान बरोबर आहे, पण कारणे त्यांनी सांगितली नाहीत, ती फाइलमध्ये स्पष्ट दिसतात.

चौथ्या मिनिटाला जिथे सगळा वाद्यवृंद एकत्र येतो, तिथे डबल बेस, चेलो, ट्रॉम्बोन आणि सिंथचा बेस या चौघांनाही तुम्ही सा आणि कोमल गंधार एकदम दिले आहेत, आणि तेही अतिमंद्रात. पांढरी एकचा सा धरला, तर तिथला सा सुमारे ६५ हर्ट्झचा आणि कोमल गंधार ७८ हर्ट्झचा. दोघांत अंतर जेमतेम १३ हर्ट्झचे. हेच दोन सूर दोन सप्तके वर सुटे आणि गोड ऐकू येतात, पण इतक्या खाली कान त्यांना वेगळे धरू शकत नाही आणि नुसती घरघर उरते. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या मिरजेत तंबोरे घडतात; एखादा चांगला जुळवलेला तंबोरा पुन्हा समोर घेऊन बसा. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो तारेच्या मूळ सुरापासून दोन सप्तके वर असतो. त्याआधी वरचा सा येतो, मग पंचम, मग पुन्हा सा, आणि त्यानंतर गंधार. खाली मोठी अंतरे आणि वर जाताना ती लहान लहान होत गेलेली, अशी ही रचना आहे. तो गंधार शुद्ध असतो आणि तुमच्या रागातला कोमल, हे खरे. पण वाद्यवृंदात सूर कुठे मोकळे ठेवायचे आणि कुठे जवळ आणायचे, हे लहानपणापासून तुमच्या कानांवर पडत आले आहे. खाली सा आणि फार तर पंचम ठेवा, गंधार मध्य सप्तकात न्या. चौथे मिनिट तेवढ्यानेच निम्मे निवळेल.

दुसरे कारण सॅम्पलच्या हिशोबाचे आहे. तुम्ही वापरलेला 'पहिली व्हायोलिने' हा आवाज सोळा वादकांचा मुद्रित केलेला आहे. त्यावर तुम्ही तीन सुरांचा कॉर्ड वाजवला, म्हणजे ४८ व्हायोलिने झाली. प्रत्यक्षात सोळा वादक तीन सुरांत वाटले गेले असते आणि प्रत्येक सुराला पाच-सहाच मिळाले असते. दुसरी व्हायोलिने, व्हायोला आणि चेलो यांनाही तुम्ही असेच कॉर्ड दिले आहेत. एका ट्रॅकला एका वेळी एकच सूर, हा नियम सहा महिने कडकपणे पाळून पाहा. त्यातून तुम्हाला प्रत्येक वाद्याची ओळ लिहावीच लागेल, बोटे पसरून कॉर्ड दाबून चालणार नाही. त्यातच भर म्हणजे हे आवाज मुळात मोठ्या सभागृहात मुद्रित झालेले आहेत, तिथली गुंज त्यांच्यात आहेच. तिच्यावर तुम्ही प्रत्येक ट्रॅकला वेगळा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम गुंज, लावला आहे. तो सगळा काढून टाका आणि अगदीच कोरडे वाटले तर सर्वांना मिळून एकच, थोडासा द्या.

तिसरे कारण तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल, कारण तुम्ही हा राग गायला आहात. मियाँ मल्हारातला गंधार आंदोलित असतो. वर सतारीच्या आवाजात तुम्ही ते आंदोलन पिच बेंडने (सूर वर-खाली सरकवण्याच्या सोयीने) फार मेहनतीने काढले आहे, आणि त्याच वेळी खाली चार फ्रेंच हॉर्न तोच कोमल गंधार पट्टीवर खिळवल्यासारखा धरून बसले आहेत. आंदोलन हॉर्नच्या स्थिर सुराशी सतत घासत राहते. हॉर्नला तिथून उठवा. त्यांना पंचम द्या किंवा सरळ विश्रांती द्या. रागाखाली कॉर्ड घालावेत की नाही, या जुन्या वादात मी शिरत नाही, पण दर बारला कॉर्ड बदललाच पाहिजे असे तुम्ही का धरून चालला आहात, हे एकदा स्वतःला विचारा. स्थिर षड्जावर दोन-तीन ओळी एकमेकींशी बोलत राहिल्या, तर तेवढ्याने वाद्यवृंद उभा राहू शकतो, आणि ओळ लिहिणे ही तुमची जमेची बाजू आहे.

म्हणून 'पाऊस'चे काम असे करा. कोऱ्या कागदावर फक्त तीन ओळी मांडा: मुख्य चाल, खालचा आधार, आणि मधली एक सोबतीण. २८ ट्रॅकपैकी प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकून तो या तिघांपैकी कोण आहे ते ठरवा. एखादा ट्रॅक तिघांपैकी कोणीच नसेल, तर तो बंद करा आणि दोन दिवसांनी ऐका. मला वाटते, निम्म्याहून अधिक ट्रॅक परत सुरू करावेसे तुम्हाला वाटणार नाहीत. ती व्हायोलाची ओळ तेव्हा पहिल्यांदा ऐकू येईल.

वाद्यांच्या बळाचा एक ठोकताळा रिम्स्की-कोर्साकोव्हने दिला आहे, तो भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. जोरात वाजवताना एक ट्रम्पेट किंवा एक ट्रॉम्बोन दोन हॉर्नच्या बरोबरीचा, आणि एक हॉर्न दोन बासऱ्यांच्या किंवा दोन क्लॅरिनेटच्या बरोबरीचा. हळू वाजवताना हे अंतर जवळपास मिटते. सहाव्या मिनिटाला तुम्ही तीन ट्रॉम्बोनच्या वर एकटी बासरी ठेवली आहे, आणि तीही तिच्या खालच्या सप्तकात, जिथे तिचा आवाज नाजूक आणि धुरकट असतो. संगणकात तुम्ही बासरीच्या आवाजाची पातळी वाढवली म्हणून ती ऐकू येते. सभागृहात ती कोणालाही ऐकू आली नसती. रचना केवळ संगणकावरच राहणार असेल, तर हे चालवून घेता येईल, असे काही जण म्हणतील. मला ते पटत नाही, कारण कानाला बासरीचा खरा जोर माहीत असतो आणि त्याला ती बासरी खोटी वाटते.

यावरून लायब्ररीच्या प्रश्नाचे उत्तर ओघाने येते. आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे आहेत ते आवाज पुरेसे आहेत, आणि महागडे आवाज आणखी मोठे, आणखी भरदार असतात. गाळात आणखी पाणी ओतल्यासारखे होईल. तुमच्या फाइलमध्ये तंतुवाद्यांचे लांब सूर आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जोराने वाजतात. तुम्ही त्यांची वेलॉसिटी (सूर किती जोरात दाबला ते) बदललेली दिसते, पण बहुतेक लायब्रऱ्यांत लांब सुरांचा जोर वेलॉसिटीवर चालत नाही; तो मॉड व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या डावीकडच्या चाकावर, आणि एक्स्प्रेशन या आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीवर चालतो. आपल्याकडे सा लावणारा माणूस तो सूर नुसता धरून बसत नाही, भरत नेतो, किंचित सोडतो, पुन्हा घेतो. तुमची ओळ आधी तोंडाने गा. दुसऱ्यांदा गाताना डावा हात मॉड व्हीलवर ठेवा आणि आवाज जसा चढेल-उतरेल तसे चाक फिरवून मुद्रित करा. जिथे तुमचा श्वास संपला, तिथे ओळ तोडा. स्वरलेखनासाठी म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यातले आवाजही आता चांगले आहेत. हप्ते भरण्याआधी निदान वर्षभर तेवढ्यावर काम करून पाहा.

पहिला, म्हणजे अभ्यासक्रमाचा प्रश्न मी हलकेपणाने घेत नाही. चांगल्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी मिळतात: ठरलेल्या तारखा, बरोबरीचे लोक, आणि तुमचे लिहिलेले वाजवणारे वादक. तिसरी गोष्ट मिळत नसेल, तर बाकीच्यासाठी ठेव मोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेश घेण्याआधी संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारा, की माझी रचना वर्षात किती वेळा प्रत्यक्ष वादकांकडून वाजवली जाईल. उत्तर मोघम आले, तर निर्णय सोपा होईल. लहान मुलीचे घर आणि बिनपगारी रजा यांचा ताण सोसून तुम्ही शिकायला बसाल आणि पुन्हा संगणकासमोरच बसाल, तर ते दुःखाचे होईल.

त्याऐवजी पुढचे वर्ष असे वापरता येईल. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि लिहायला नीट शिका. लंडनच्या ट्रिनिटी आणि रॉयल स्कूल्स यांच्या थिअरीच्या परीक्षांपैकी कोणत्याही एकीची पाचवी श्रेणी हे नोकरी सांभाळून गाठता येण्याजोगे आणि पुरेसे उद्दिष्ट आहे. महिन्यातून एकदा पुण्यात किंवा गोव्यात एखाद्या शिक्षकाकडे तासाच्या बोलीने जा आणि प्रत्येक वेळी तुमचाच कागद तपासून घ्या. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. वर्षातून एकदा तरी तो समोर बसून ऐका. सोळा व्हायोलिने हळू वाजवतात तेव्हा त्यांचा आवाज किती मृदू असतो, हे हेडफोनमध्ये कधीही कळत नाही.

आणि रोजच्या अभ्यासाला एक गुरू फुकट आहे. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या रचनेचे फ्रेंच संगीतकार रावेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. दोघांच्याही मृत्यूला साठाहून अधिक वर्षे झाली असल्याने आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार त्यांचे कागद मुक्त आहेत आणि इंटरनेटवर सहज मिळतात. आधी फक्त पियानोचा कागद घ्या, त्यातले आठ बार निवडा, ते वाद्यवृंदासाठी स्वतः लिहा, आणि मगच रावेलचे पान उघडा. अगदी सुरुवातीला पियानोवर एकच सुटी ओळ आहे. तुम्ही तिथे काय कराल? रावेलने ती एकट्या ट्रम्पेटला दिली आणि शंभराच्या आसपास माणसांना गप्प बसवले. तुमच्या आणि त्याच्या पानात जो फरक दिसेल, तो वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. आठवड्याला आठ बार झाले तरी वर्षाला चारशेहून अधिक होतात.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत दडलेले आहे: संगीत सुचणे आणि ते वाद्यवृंदासाठी लिहून काढणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली तरच तो खरा रचनाकार. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी मुंबईच्या स्टुडिओंत सुचलेल्या चालींचे कागद केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा वाद्यवृंदच उभा केला. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर औपचारिक शिक्षणाशिवाय वर आलेल्या अजय-अतुल यांनी २०१६च्या 'सैराट'साठी थेट हॉलिवूडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद मुद्रित केला. अशा ठिकाणी वादकांसमोर शेवटी कागदच ठेवावा लागतो. तो स्वच्छ हवा, मग तो कोणी का लिहिलेला असेना. तुम्ही जरूर शिका, पण जाणत्याला सोबत घेण्यात तुमचे रचनाकारपण कमी होते, असे मनात आणू नका.

सिंथच्या रचनांविषयी. आठ बार फिरत राहतात, कारण तुम्ही तिथे ओळींचा विचार करता आणि आवाजाचा करत नाही. तुम्ही तयार आवाज निवडता, त्यात चाल वाजवता, ढोल चढवता, आणि आता सांगण्यासारखे काही उरलेले नसते. इलेक्ट्रॉनिक संगीतात आवाज स्वतःच रचनेचा मजकूर असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला, तेव्हा तिथल्या भारतीय रचनाकारांनी त्या यंत्रावर नेमके हेच केले: एकेक आवाज मुळापासून घडवून पाहिला. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातल्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि मींड माहीत असलेल्या माणसाच्या हाती ती लागल्यावर काय होते ते तिथे ऐकायला मिळते.

तुम्ही एक महिना तयार आवाजांची यादी उघडू नका. एक ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा), एक फिल्टर (तो उजळ-मंद करणारा), एक एन्व्हलप (तो कसा उगवतो-मावळतो ते ठरवणारा). एकच सूर, षड्ज. ढोल नको, चाल नको. दोन मिनिटे तो षड्ज ऐकवत राहायचा आणि ऐकणाऱ्याचे लक्ष टिकवायचे: फिल्टर उघडत, मिटत, आवाजाचा आरंभ कधी टोकदार तर कधी उगवता ठेवून. हे जमले, की मग सिंथवर एका वेळी एकच सूर वाजेल असे करून त्यात सूर घसरत नेण्याची सोय सुरू करा आणि पिच बेंडची मर्यादा, जी बहुतेक ठिकाणी दोन अर्धसुरांवर बसवलेली असते, बारापर्यंत वाढवून एक लांब मींड घ्या. मल्हाराचा आंदोलित गंधार वाद्यवृंदातल्या हॉर्नला जड जातो. इथे तो तुमच्या बोटाखाली आहे.

म्हणूनच दोन्हींतले एक सोडू नका. पण एका रचनेत दोन्ही कोंबणेही सध्या थांबवा. सहा महिने ती दोन वेगळी कामे समजा. वाद्यवृंदाने तुम्हाला जागा वाटून द्यायला शिकवावे, सिंथने एकाच आवाजात मुरायला शिकवावे. पुढे ती कधी एकत्र येतील ते तुम्हालाच कळेल.

'छान'विषयी थोडे. लोक खोटे बोलत नसतात. तुम्ही 'कसे वाटले' असे विचारता, म्हणून ते 'छान' म्हणतात. पुढच्या वेळी त्यांच्या हातात पेन आणि घड्याळ द्या आणि लक्ष जिथे उडाले ती वेळ लिहायला सांगा. पाच जणांच्या कागदांवर तीच वेळ आली, तर तिथे रचनेत काहीतरी घडायचे राहून गेले आहे. सासूबाईंनाही विचारा, संगीताची परिभाषा न येणाऱ्या माणसाचे कंटाळणे फार प्रामाणिक असते.

उरलेल्या ४२ अपुऱ्या रचना सध्या उघडू नका. त्यांचे ओझे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. मला त्या तुमची वही वाटतात, आणि वहीतले प्रत्येक पान पूर्ण करायचे नसते. 'पाऊस' मात्र पुन्हा करा: तीन मिनिटांचा, चार वाद्यांचा. क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हायोला, चेलो. तुमच्या भागात बँड आहेत, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे कोणी ना कोणी सापडेल. त्यांच्याकडे पहिले सोळा बार घेऊन जा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. बाकी तिघे नंतर शोधू, पुण्यात मी मदत करेन.

कागद छापताना क्लॅरिनेटचा भाग एक पूर्ण सूर वर चढवून लिहा, सुरांचा आकार मोठा ठेवा, पान उलटण्याच्या जागी दोन बारांची विश्रांती येईल असे पाहा, आणि जिथे जिथे तुम्ही स्वतः गाताना श्वास घेतलात, तिथे ओळीच्या वर पेन्सिलीने एक स्वल्पविराम द्या.